झारीतला शुक्राचार्य

पृथ्वीच्या तापमानवाढीवर वाद पेटला की चौथ्या-पाचव्या वाक्याला शुक्र येतोच. एक पक्ष म्हणतो, "शुक्राकडे बघा. कार्बन डायऑक्साइडने त्याची भट्टी करून टाकली, आपली पाळी जवळ आली आहे." दुसरा म्हणतो, "शुक्र सूर्याच्या जवळ आहे म्हणून तापलाय, त्यात वायूंचा काय संबंध?" मग दुसरा पहिल्याला घाबरट ठरवतो, पहिला दुसऱ्याला विकला गेलेला म्हणतो, आणि शुक्र बिचारा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तसाच ताटकळत राहतो. त्याची उलटतपासणी करायला कोणालाच सवड नसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शुक्र हे पृथ्वीचं भविष्य नाही. जमिनीतला सगळा कोळसा आणि सगळं तेल जाळलं तरी पृथ्वीचा शुक्र होणार नाही, आणि तशी भीती घालणाऱ्यांनी स्वतःच्याच बाजूचं नुकसान केलं आहे. मात्र यावर तापमानवाढ नाकारणाऱ्यांनी टाळ्या पिटू नयेत. हवेतला वायू ग्रहाला एवढा तापवूच शकत नाही, हा त्यांचा मूळ दावा शुक्राने साठेक वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. साक्षीदार एकच असला तरी त्याची जबानी दोन्ही पक्षांना अडचणीची आहे.

'जवळ आहे म्हणून तापलाय' हा मुद्दा ऐकायला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो आधी घेऊ. त्यात तथ्यही आहे. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, शुक्र १०.८ कोटींवर. अंतराच्या वर्गाने हिशेब केला तर शुक्रावर पृथ्वीच्या १.९ पट ऊन येतं. इथवर सगळं बरोबर. पण दारात आलेलं ऊन वेगळं आणि घरात मुरलेलं ऊन वेगळं. शुक्राभोवती गंधकाम्लाच्या थेंबांच्या ढगांचं आवरण आहे, साधारण ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर, कुठे फट म्हणून नाही. येणाऱ्या उन्हाचा तीन चतुर्थांश भाग हे ढग आल्या पावली परत पाठवतात. पहाटे किंवा तिन्हीसांजेला शुक्राची चांदणी डोळ्यांत भरते ती या परतलेल्या उन्हामुळेच. पृथ्वी मात्र आलेल्या उन्हातलं ७० टक्के ठेवून घेते. सगळा गोल धरून सरासरी काढली तर पृथ्वी दर चौरस मीटरला सुमारे २४० वॉट शोषते आणि शुक्र सुमारे १६०. म्हणजे सूर्याशी सलगी असूनही शुक्राच्या पदरात पृथ्वीपेक्षा कमी ऊन पडतं! नुसत्या त्या उन्हावर भागवायचं असतं तर शुक्राचं तापमान उणे ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. प्रत्यक्षात जमिनीवर ४६४ अंश आहेत. शिसं ३२७ अंशांना वितळतं. मधल्या पाचशे अंशांचा हिशेब सूर्याच्या नावावर कसा टाकणार?

शिवाय सूर्याच्या आणखी जवळ बुध आहेच की. त्याची दुपार ४३० अंशांपर्यंत जाते आणि रात्र उणे १८० पर्यंत उतरते, कारण उष्णता धरून ठेवायला त्याच्याकडे हवाच नाही. शुक्र स्वतःभोवती इतका रेंगाळत, तोही उलटा, फिरतो की तिथे एका सूर्योदयापासून पुढचा सूर्योदय व्हायला पृथ्वीवरचे ११७ दिवस लागतात. जवळजवळ दोन महिन्यांची रात्र. तरीही त्या रात्रीत जमिनीचं तापमान म्हणावं तसं उतरत नाही.

आपल्याकडे 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतात ना, तो नेमका इथे बसला आहे. बळीराजा वामनाला दान देण्यासाठी उदक सोडायला निघाला तेव्हा शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि पाणी अडलं. शुक्र ग्रहाची जमीन इतकी तापलेली आहे की तिच्या दर चौरस मीटरमधून सुमारे १६,७०० वॉट उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. अवकाशात पोचतात सुमारे १६० वॉट. बाकीची सगळी उष्णता हवेच्या थरांत अडते, शोषली जाते, पुन्हा खाली फेकली जाते. आणि जमिनीवर थेट पोचणारं ऊन किती? दर चौरस मीटरला १५ ते २० वॉट, आपल्याकडच्या ढगाळ दिवसासारखं मंद. आत येणारी धार इतकी बारीक असूनही भांडं उतू जातं, कारण तोटी जवळपास बंद आहे. तोटीतला शुक्राचार्य म्हणजे कार्बन डायऑक्साइड. शुक्राच्या हवेचा ९६.५ टक्के भाग तोच आहे, आणि ती हवाही अशी की जमिनीवरचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक. सल्फर डायऑक्साइड, थोडी वाफ आणि खुद्द ढग त्याला हात देतात. (पुराणात वामनाने दर्भाची काडी खुपसून वाट मोकळी केली. इथे तसा दर्भ कोणाकडे नाही, तेव्हा उपमा इथेच सोडलेली बरी.)

हे सगळं आज सहज सांगता येतं, पण ते कळायला फार वेळ लागला आणि त्या वेळखाऊपणात आजच्या वादासाठी एक धडा आहे. पृथ्वीवरचा कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचं पहिलं गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियसने १८९६ साली मांडलं. आता गंमत पाहा. याच अऱ्हेनियसने पुढे शुक्राचं वर्णन केलं ते ओल्याचिंब दलदलीचा, हिरवाईने भरलेला ग्रह असं. ढग दिसले, ढग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे चिखल, चिखल म्हणजे जंगल! एकही मोजमाप हाताशी नव्हतं. एका दृष्टीआड जगाला आपण आपल्याच पावसाळ्याचे कपडे चढवले. १९३२ साली माउंट विल्सनच्या वेधशाळेतून शुक्राच्या प्रकाशात कार्बन डायऑक्साइडच्या खुणा सापडल्या. १९४० मध्ये खगोलशास्त्रज्ञ रूपर्ट विल्टने हिशेब करून सांगितलं की जमीन पाण्याच्या उकळबिंदूहून तापलेली असणार. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९५६ साली रेडिओ दुर्बिणीने शुक्राकडून येणाऱ्या लहरी मोजल्या तेव्हा तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर निघालं आणि मग मात्र तंटा लागला. काही म्हणाले, या लहरी जमिनीच्या नाहीतच, वरच्या विद्युतभारित थरातून येत असतील. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन म्हणाले, जमिनीच्याच आहेत आणि हे हरितगृह परिणामाचं, म्हणजे उष्णता अडवून धरणाऱ्या हवेचं, काम आहे.

त्या तंट्याचा निकाल घोषणांनी लागला नाही. दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घेतलं की कोणतं मोजमाप कोणाला खोटं पाडेल. लहरी वरच्या थरातल्या असतील तर ग्रहाच्या बिंबाची कड उजळ दिसायला हवी, खालून येत असतील तर कड मंद दिसायला हवी. १४ डिसेंबर १९६२ रोजी मरिनर-२ हे यान सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेलं आणि कड मंद निघाली. पुढे १९६७ मध्ये सोव्हिएत यान व्हेनेरा-४ हवेत उतरलं. त्याने सुमारे २७० अंश तापमान आणि पृथ्वीच्या वीसेक पट दाब कळवला आणि गप्प झालं. शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हे जमिनीवरचे आकडे. नंतर कळलं की यान जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटर वरच बंद पडलं होतं. आकडे खरे होते, चुकली होती ती त्यांची जागा. १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा-७ खरोखर जमिनीवर टेकलं आणि तिथून क्षीण आवाजात २३ मिनिटं बोललं: ४७५ अंश. खरा आकडा चुकीच्या जागी ठेवण्याची ती खोड मात्र आजच्या वादात जशीच्या तशी चालू आहे.

उदाहरणार्थ, दाबाचा मुद्दा. 'शुक्र वायूच्या जातीमुळे तापलेला नाही, हवेच्या प्रचंड दाबामुळे तापला आहे' असं म्हणणारे लोक निर्बुद्ध नसतात, त्यांनी थोडं भौतिकशास्त्र वाचलेलं असतं. म्हणूनच त्यांना उत्तर नीट द्यायला हवं. हवा दाबली की तापते, हे खरं. पण ती दाबली जात असताना तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो. भरून ठेवलेलं चाक दुसऱ्या दिवशी गारच असतं, आतला दाब तेवढाच असूनही. खोल समुद्राच्या तळाशी दाब शुक्राच्या दहापटींवर जातो आणि पाणी असतं दोन-चार अंशांचं. स्थिर दाब ही उष्णतेची खाण नव्हे. आता त्यांचा जो भाग बरोबर आहे तो मान्य करतो: शुक्रावर खाली उतरत गेलं की दर किलोमीटरला साधारण आठ अंशांनी तापमान वाढतं आणि हवेचा थर खोल असल्यामुळे ही उतरण लांबलचक होते. मात्र उतरण कुठून सुरू होते? जिथून उष्णता अखेर अवकाशात निसटते त्या पातळीपासून. ती पातळी साठ-सत्तर किलोमीटर उंच कोणी नेऊन ठेवली? अवरक्त किरणांना अपारदर्शक असलेल्या वायूंनी आणि ढगांनी. हवा तेवढ्याच दाबाची पण उष्णतेला पारदर्शक असती, तर जमीन थेट अवकाशाशी बोलली असती आणि थंड पडली असती. उतरणीची लांबी वापरायची आणि तिचं वरचं टोक ज्याने धरलंय त्याला मात्र नाकारायचं, हे चालायचं नाही.

यापेक्षा अवघड आक्षेप मंगळाचा आहे आणि तो तापमानवाढ मानणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पेलत नाही. मंगळाच्या हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे, मग तो थंडगार का? "त्याची हवा विरळ आहे" हे उत्तर अर्धवट आहे. दर चौरस मीटर जमिनीवर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभात किती कार्बन डायऑक्साइड आहे ते मोजा: पृथ्वीवर साधारण साडेसहा किलो, मंगळावर १६० किलोच्या घरात. म्हणजे एकूण हवा विरळ असूनही हा एक वायू तिथे पृथ्वीच्या वीस-पंचवीस पट आहे! तरी मंगळाला त्याची ऊब मिळते ती जेमतेम पाच अंशांची. हे कोडं सुटतं ते असं. वायूचे रेणू ठरावीक तरंगलांबीचीच उष्णता शोषतात आणि आजूबाजूच्या रेणूंची धक्काबुक्की जितकी जास्त तितके हे शोषणाचे पट्टे रुंद होतात. मंगळावर धक्के द्यायला कोणी नाही, पट्टे केसासारखे बारीक राहतात आणि त्यांच्या मधून उष्णता निसटते. पाण्याची वाफही तिथे जवळजवळ नाही. पृथ्वीवर नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे पट्टे रुंदावतात, वाफ उरलेल्या फटी बुजवते. शुक्रावर तर त्या स्तंभात १० लाख किलो कार्बन डायऑक्साइड आहे आणि धक्काबुक्कीला सीमा नाही. तेव्हा नुसती टक्केवारी फेकून काही सिद्ध होत नाही. ९५ आणि ९६.५ हे आकडे शेजारी ठेवून जो काहीही सिद्ध करू पाहतो, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तो व्हेनेरा-४ चीच चूक करतो आहे.

नाकारणाऱ्यांचा शेवटचा बुरूज 'आता भरलं' हा. पृथ्वीवर कार्बन डायऑक्साइड आपल्या वाट्याची उष्णता आधीच पूर्ण शोषतो, आणखी घातल्याने काय फरक पडणार? युक्तिवाद जुना आहे. १९०० साली स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ क्नुट आंग्स्ट्रॉमने वायूच्या नळीतून उष्णता सोडून पाहिली, वायू कमी-जास्त केला, फरक फारसा दिसला नाही. या एका प्रयोगाच्या जोरावर अऱ्हेनियसचं गणित काही दशकं अडगळीत पडलं. पण हवा म्हणजे एक नळी नव्हे. ती थरांवर थर आहे. वायू वाढला की उष्णता निसटण्याची पातळी वर सरकते, वरचा थर अधिक थंड असतो, थंड थरातून कमी उष्णता बाहेर जाते, म्हणून खालचा सगळा डोलारा तापावा लागतो. 'भरलं' ही अवस्था खरी असती तर शुक्र आधीच कुठेतरी थांबला नसता का?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. २०१७ साली स्टीफन हॉकिंग यांनी एका मुलाखतीत, पृथ्वी शुक्रासारखी होऊन तिच्यावर गंधकाम्लाचा पाऊस पडेल अशा अर्थाचा इशारा दिला होता. एवढ्या मोठ्या माणसाचं विधान, म्हणून ते आजही उद्धृत होतं. आदर ठेवून म्हणायला हवं, ते चुकलं. साडेसहा किलो कुठे आणि दहा लाख किलो कुठे! औद्योगिक काळाआधी पृथ्वीच्या हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेले. जमिनीतलं सगळं इंधन जाळलं तरी हा आकडा काही हजारांच्या पुढे जात नाही. आणि पृथ्वीने हजारी आकडे पूर्वी पाहिले आहेत. पाच कोटी वर्षांपूर्वी, इओसीन कालखंडाच्या सुरुवातीला, जग आजच्याहून दहाएक अंशांनी उष्ण होतं, ध्रुवांवर बर्फ नव्हतं, उत्तर ध्रुवाच्या परिसरात मगरींचे नातलग हिंडत होते. पण समुद्र उकळले नाहीत.

ते का उकळले नाहीत, याचं उत्तर पाण्यात आहे. वाफेने भरलेली हवा अवकाशात उष्णता सोडते त्याला एक कमाल मर्यादा असते, दर चौरस मीटरला अंदाजे २८० ते ३०० वॉट. ग्रहाला मिळणारं ऊन या मर्यादेपलीकडे गेलं की समुद्र आटत जातात आणि कोणी अडवू शकत नाही. आज पृथ्वी २४० शोषते. सूर्य अब्जभर वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी प्रखर होईल तेव्हा आपला ग्रह या उंबरठ्यावर येईल. नुसता कार्बन डायऑक्साइड वाढवून तो ओलांडणं फार कठीण आहे. शुक्र जवळ होता, त्याने बहुधा बालपणीच ओलांडला. पाणी गेल्याची खूणही सापडली आहे: १९७८ मध्ये गेलेल्या पायोनियर व्हीनस मोहिमेने मोजलं तेव्हा तिथल्या हवेत साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटींहून अधिक निघालं. हलका हायड्रोजन अवकाशात उडून गेला, जड मागे राहिला.

या वादात जे कधीच कोणी बोलत नाही ते आता येतं. शुक्र आणि पृथ्वी यांच्याकडे कार्बन साधारण सारखाच आहे. शुक्राचा सगळा हवेत लटकला आहे. पृथ्वीचा चुनखडीत, संगमरवरात, खडूच्या कड्यांत गाडला गेला आहे. तो सगळा मोकळा केला तर आपल्या हवेचा दाबही आजच्या पन्नास-साठ पट होईल असे अंदाज आहेत. तो गाडला कोणी? पावसाने. पाऊस हवेतला वायू घेऊन खडकांवर पडतो, खडक झिजतात, क्षार समुद्रात जातात, तिथे चुनखडी होते. शुक्रावर पाणीच गेलं तेव्हा गाडणारा हात गेला आणि ज्वालामुखींनी ओकलेला वायू साठतच राहिला. दोघांची त्रिज्या ६,०५२ आणि ६,३७१ किलोमीटर, वस्तुमानात वीसेक टक्क्यांचा फरक, घडण जवळजवळ सारखी. लोक 'जुळी भावंडं' म्हणतात ते आकारापुरतं ठीक. संसार वेगळा झाला तो कार्बन कुठे ठेवला यावरून.

मग आपण काय करतो आहोत? गाडलेला कार्बन उकरून परत वर आणतो आहोत. पृथ्वीवरचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला एक अब्ज टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपण इंधन जाळून पस्तीस अब्ज टनांहून अधिक सोडतो. पावसाची ती गाडण्याची क्रिया थांबलेली नाही, पण तिला लाखो वर्षं लागतात आणि आपला कारभार शे-दोनशे वर्षांचा. "पृथ्वीने आपली व्यवस्था पूर्वीही लावली, आताही लावेल" असं म्हणणाऱ्याचं मी नाकारत नाही. लावेलच. प्रश्न एवढाच की तोवर किनाऱ्यावरच्या शहरांनी कुठे जाऊन उभं राहायचं? दोन-तीन अंशांची वाढ हे संकट म्हणून पुरेसं आहे, त्याला ४६४ अंशांचं उधार भय लागत नाही. उधार भयाचा तोटा असा, की ते खोटं आहे असं एकदा कोणी दाखवून दिलं की ऐकणारा खऱ्या दोन अंशांनाही खोटं समजू लागतो.

शुक्राचा योग्य उपयोग कसा करावा हे एका माणसाने करून दाखवलं आहे. नासातले शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यासोबत शुक्राच्या प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, तपासून त्याचे ढग गंधकाम्लाचे आहेत या निष्कर्षाला भक्कम आधार दिला. पायोनियर व्हीनसवरच्या एका उपकरणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ती सोडून ते पृथ्वीच्या हवेकडे वळले, कारण डोळ्यांदेखत बदलणारी हवा त्यांना जास्त महत्त्वाची वाटली. शुक्रावर घासूनपुसून घेतलेलं किरणांचं गणित त्यांनी इथे आणलं, शुक्राचे अंश आणले नाहीत. पुढे त्यांनीही पृथ्वीचा शुक्र होण्याबद्दल जरा जास्तच टोकाचं बोलून ठेवलं, ते सोडून द्यावं.

राहता राहिला एक प्रश्न, ज्यावर शास्त्रज्ञांतच खराखुरा वाद आहे आणि जो नीट चालला आहे. शुक्रावर समुद्र कधी होता का? काही संगणकी प्रतिमाने (मॉडेल्स) म्हणतात, अब्जावधी वर्षं होता. काही म्हणतात, वाफ कधी थंडावलीच नाही, पहिला पाऊस पडलाच नाही. नासाच्या दाविंची आणि व्हेरिटास, युरोपची एन्व्हिजन आणि इस्रोची शुक्र मोहीम यांची तयारी चालू आहे. त्यातलं दाविंची शुक्राच्या हवेतून खाली उतरत निष्क्रिय वायू आणि जड हायड्रोजन मोजत जाणार आहे. समुद्र दीर्घकाळ होता असं ठरलं, तर 'बालपणीच ओलांडला' हे वर लिहिलेलं वाक्य मला खोडावं लागेल.